शेंगा चटणीच्या पिशवीतलं बटण

परवा पहाटे दार उघडलं आणि मोटरसायकलच्या सीटवर दव दिसलं. बोट फिरवलं तर रेघ उठली. म्हणजे थंडी आली. आमच्याकडे उन्हाळा ढोल वाजवत येतो आणि जायचं नाव घेत नाही. थंडी मात्र गुपचूप येते, लाजत. सोलापूर जिल्ह्यात थंडी असते म्हटलं की बाहेरचे लोक हसतात, कारण त्यांना आमचं फक्त ऊन ठाऊक असतं. त्यांनी ज्वारी निसवायच्या, म्हणजे कणसं बाहेर पडायच्या दिवसांत, पहाटे, सीना नदीच्या पुलावरून एकदा दुचाकीवर जाऊन बघावं. पुलाच्या अलीकडे माणूस असतो, पलीकडे नुसते दात वाजत जातात.

सीट पुसून मी हँडल पुसायला घेतलं. डाव्या मुठीजवळ ती पिशवी अजून आहे. वरची अक्षरं उन्हानं फिकी झाली, पण वाचता येतात. ‘शेंगा चटणी. थंड व कोरड्या जागी ठेवावी.’ मी एकटीच हसले. पिशवीत चटणी नाही. हँडल गरम करायचं बटण आहे.

आम्ही मोहोळला राहतो. मी घरी शेंगा कुटून चटणी करते आणि कडक भाकरी करते. ज्वारीची भाकरी पातळ थापायची, भाजायची आणि मग चुलीशेजारी उभी करून पापडासारखी वाळवायची. नीट वाळली तर महिनाभर राहते आणि दाताखाली कडाकडा वाजते. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, तो माल बाजारात विकतात. कधी कुर्डुवाडी, कधी सोलापूर. पहाटे निघायचं, मालक पुढे, मी मागे, मांडीवर भाकरीचा खोका आणि पायाशी चटणीची पिशवी.

बाजारात बोलायचं काम मालकांचं. ते ओरडतात, हसतात, गिऱ्हाइकाच्या सुनेची चौकशी करतात. मी वजन करते. कुणी मला विचारलं, “मावशी, चटणी तिखट हाय का?” तर मी मालकांकडे बघते. शाळेतही हजेरी घेताना बाईंनी नाव पुकारलं की मी बोट वर करायची. बाईंनी चार वर्षं बोटालाच हजर धरलं आणि मी चौथी पास झाले. पुढे शाळा नव्हती. घरी आक्का आहेत, माझ्या थोरल्या नणंदबाई. त्या घरात असल्या की दुसऱ्या कुणी बोलायची गरज पडत नाही.

पण मोटरसायकलवर मला तोंड फुटतं. समोर कुणाचं तोंड नसतं म्हणून असेल. नुसती एक रुंद पाठ असते, तिच्यावर घोंगडीसारखा जाड कोट. गाव मागे पडलं, रस्त्याच्या दोन्ही बाजूला ज्वारीची ताटं दिसायला लागली की मी सुरू होते. शेजारच्या मांजरीनं कुठं पिलं घातली. शेंगा या वेळी कडवट का निघाल्या. आई गेली त्या दिवशी तिच्या चुलीवर काय शिजत होतं. आक्का काल काय बोलल्या आणि मी त्यांना मनात काय उत्तर दिलं. मालक मधूनच “व्हय” म्हणतात. तेवढं मला पुरतं. बाजार येईपर्यंत मी आठवड्याचं बोलून घेते आणि मग उतरून तागडी हातात धरते.

तर गेल्या हिवाळ्यात हेच सगळं बंद पडायची वेळ आली होती.

मालक पूर्वी सोलापुरात चादरीच्या मागावर होते. मागाच्या थरथरीनं म्हणा किंवा कशानं म्हणा, थंडी लागली की त्यांची बोटं पांढरी पडतात, खडूसारखी. मग त्या बोटांना काही कळत नाही. एके पहाटे कुर्डुवाडीच्या रस्त्याला पुढे उसाची बैलगाडी चालली होती. मालकांनी ब्रेक दाबला, म्हणजे दाबायचं मनात आणलं, पण बोटं काही मनातलं ऐकेनात. पायाचाही ब्रेक लागेपर्यंत आम्ही हळूच, अगदी पाहुण्यासारखे, उसाच्या वाढ्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांत, शिरलो. लागलं काही नाही. माझा खोका सलामत होता. डोक्यावर उसाची पानं घेऊन मी तशीच बसून होते. गाडीवान झोपेतून उठला, मागे वळून बघितलं आणि म्हणाला, “पाव्हणं, ऊस पायजे असला तर मागून घ्यावा. असं आत घुसू ने.”

मोहोळच्या डॉक्टरांनी बोटं दाबून बघितली. म्हणाले, “हात गरम ठेवायचे, नाहीतर थंडीत गाडी बंद करायची. दोन्हीपैकी एक.”

आक्का लगेच म्हणाल्या, “मग वडापनं जावा की! गाडीच पायजे म्हणून कुणी सांगितलंय?”

वडाप म्हणजे प्रवासी भरून नेणारी जीप. बसायची जागा किती आणि बसतात किती, हे तिथं कुणी विचारत नाही. मांडीला मांडी, कोपराला कोपर, समोर सात-आठ तोंडं आणि सगळी आपल्याकडे बघणारी. तिथं मी काय बोलणार? मांजरीच्या पिलांचंसुद्धा सांगता येणार नाही. आक्कांना वाटलं मी बोटांच्या काळजीनं गप्प आहे. बोटांची काळजी होतीच. पण खरं सांगायचं तर मला पाठीची काळजी होती.

म्हणून मी सोलापुरी चादर कापली. जुनीच होती, पण मऊ आणि जाड, लाल-काळ्या चौकड्यांची. तिचे दुहेरी हातमोजे शिवले. मालकांनी घातले आणि दोन्ही हात समोर धरून बघत राहिले. बोटं सगळी एकात एक, मुद्गलासारखी. गरम मात्र झाले. पण त्या हातांनी क्लच सापडेना, ब्रेक सापडेना, नाक पुसता येईना. रस्त्यात ओळखीच्या माणसानं रामराम केला तर मालकांनी हात वर केला. तो माणूस घाबरून बाजूला झाला. त्याला वाटलं, मारायला काहीतरी उगारलंय.

मग पुण्याहून खोकं आलं. आक्कांचा लेक सुनील तिकडे नोकरीला असतो आणि सुट्टीत मोटरसायकलवरून हिमालयात जाऊन बर्फाबरोबर फोटो काढतो. त्यानं नवी गाडी घेतली आणि जुन्या गाडीच्या मुठी मामाला पाठवल्या. काळ्या रबराच्या दोन मुठी, आतून वायर आलेली, आणि एक चपटं बटण. फोनवर म्हणाला, “मामा, बॅटरीवर चालतंय. दाबलं की मूठ गरम. हिरवा दिवा म्हणजे कोमट, पिवळा म्हणजे गरम, लाल म्हणजे लई गरम.”

“लालाचा आमाला उपेग न्हाय,” मालक म्हणाले. “तेवढं तर हितं ऊनच हाय.”

सोबत एक कागद होता. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला चिनी. आक्कांनी दोन्ही बाजू उलटून बघितल्या आणि कागद खोक्यात ठेवून दिला.

नूरभाईंचं गॅरेज हायवेच्या कडेला आहे. पुढे एक लाकडी बाक, त्यावर कायम चार माणसं. गाडी दुरुस्तीला आलेली दोन आणि नुसतीच बसायला आलेली दोन. नूरभाईंनी मूठ हातात घेतली, वास घेतला, फिरवली.

“बाळूभाऊ, ये कायकू? सोलापूर जिल्ह्यात हँडल गरम करायला वायर कायकू? दुपारी उन्हात लावा गाडी, फुकट भाजून मिळतंय.”

“पहाटेचं काय करू, नूरभाई?”

“पहाटे सोनेका. मैं भी सोता.”

बाक हसला. पण मालकांनी पांढरं पडलेलं बोट दाखवलं तसे नूरभाई कामाला लागले. जुनं रबर निघेना. साबणाचं पाणी सोडलं, फुंकर मारली, शेवटी ब्लेडनं चिरलं. नव्या मुठीला आतून सोल्युशन लावून ती चढवली. उजवी मूठ गाडी पळवायची, ती फिरते. तिची वायर नूरभाईंनी दिसायला चांगली म्हणून ताणून बांधली. गाडी चालू केली, मूठ पिळली, सोडली, तर मूठ मागे येईना. स्टँडवर उभी गाडी जागच्या जागी बोंबलायला लागली आणि नूरभाई तिला “रुक, रुक, रुक!” म्हणून हातानं थोपवायला लागले. चावी शेवटी बाकावरच्या माणसानं बंद केली. मग वायरीला सैल वळसा दिला, हात फिरेल तेवढा. वायर बॅटरीवरून थेट न घेता चावीवरून घेतली, म्हणजे गाडी बंद तर मूठही बंद. बटण डाव्या मुठीशेजारी पट्टीनं बांधलं.

पहिल्या पहाटेचं मला अजून आठवतं. पुलावर धुकं इतकं की नदी नुसती वासानं कळत होती, ओल्या मातीच्या आणि शेवाळाच्या. हिरवा दिवा त्या धुक्यात मिणमिणत होता. मालक अचानक हसायला लागले. खांदे हलत होते म्हणून मला कळलं. “अगं,” ते ओरडले, “हातात गरम भाकरी धरल्यागत वाटतंय!” मला इतका आनंद झाला की मी त्या दिवशी सोलापूर येईपर्यंत बोलले. लहानपणी आम्ही शेतात हुरडा भाजायचो ते सांगितलं. तळहातावर गरम कणीस चोळायचं, फुंकर मारायची, दाणे हिरवे आणि हात काळे. ते हात कसे आतपर्यंत गरम व्हायचे, आणि लग्न झाल्यावर पहिल्या थंडीत मला त्याची कशी आठवण यायची, तेही सांगितलं. मालक “व्हय” म्हणाले.

बाजारात बातमी पसरली. लोक मूठ धरायला यायला लागले. कुणी म्हणालं, यावर चहा ठेवता येईल का. शेजारी कांदे विकणाऱ्या म्हातारीनं मूठ गुडघ्याला लागते का तेही बघितलं. भाकरीपेक्षा हँडलला गिऱ्हाईक जास्त.

पण दव आमच्यापेक्षा चिकट निघालं. गाडी रात्रभर अंगणात. सकाळी बटणावर थेंब. ते थेंब कुठल्या फटीतून आत गेले कुणास ठाऊक, थोड्याच दिवसांत दिवा लुकलुकायला लागला. मग कधी लागायचा, कधी नाही. एका पहाटे पूल आला आणि दिवा गेला. मालकांची बोटं पुन्हा खडू.

नूरभाई म्हणाले, “पानी गया अंदर. पॅक करना पडेगा.”

आक्का म्हणाल्या, “पाणी कशाचं! पूजा केली न्हाय म्हणून बिघडलं. नवी वस्तू गाडीला लावली आन् साधा नारळ फोडला न्हाय. मी तवाच म्हणणार हुते.”

आक्का ‘तवाच म्हणणार हुते’ असं म्हणतात तेव्हा त्या तेव्हाच म्हणालेल्याही असतात. आम्ही ऐकलेलं नसतं.

शेवटी दोन्ही करायचं ठरलं. पूजाही आणि पॅकिंगही. पॅकिंगची कल्पना मालकांची. माझ्याकडे चटणीच्या पिशव्यांचं तोंड चिकटवायचं मशीन आहे. विजेवर तापतं, दांडी दाबली की प्लास्टिक प्लास्टिकला धरतं. मालक ते उचलून गॅरेजमध्ये घेऊन गेले, मी जाड पिशव्यांचा गठ्ठा घेऊन मागे, आणि आक्का ताट घेऊन सगळ्यांच्या पुढे. बाक त्या दिवशी भरून वाहत होता.

नूरभाईंनी बटण सोडवलं, वाळवलं, सांधे पुसले. दिवा लागला. आक्कांनी हळद-कुंकू बोटांनी भरपूर लावलं. मालकांनी पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. पाणी आक्कांनी वाटीत धरलं आणि बटण तळहातावर घेऊन त्याला बाळाला घालावी तशी आंघोळ घातली. मागून, पुढून, कानामागून.

“बास, आक्का,” मालक म्हणाले.

“गप रे. अर्धी पूजा लागत न्हाय.”

मग कुणीतरी ते ओलं बटण सदऱ्याला पुसल्यासारखं केलं आणि मालकांनी पिशवीत टाकलं. आता कडक भाकरी करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारा. पहिली गोष्ट काय? ओली भाकरी पिशवीत बंद करायची नाही. गरमही नाही. पिशवीला घाम येतो, घाम भाकरी पिते, आणि आठ दिवसांत वरून पांढरी बुरशी धरते. मी हे लहान मुलीलाही शिकवू शकते. शब्द माझ्या जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण बाकावर माणसं, दारात माणसं, आणि सगळे त्या पिशवीकडे बघत होते, म्हणजे मी बोलले असते तर माझ्याकडे बघितलं असतं. मी मालकांच्या कोटाची बाही ओढली. ते म्हणाले, “व्हय व्हय, दाबतो,” आणि त्यांनी दांडी दाबली. छान घट्ट चिकटली. माझं मशीन चांगलं आहे. वायर बाहेर आली तिथं नूरभाईंनी सिलिकॉन भरलं, वर काळी टेप. थेंबभर पाणी आत जाणार नाही, असं काम झालं. आणि आतलं थेंबभर बाहेर येणार नाही.

दोन-तीन बाजार चांगले गेले. मग एके दिवशी सोलापूरचा बाजार उरकून आम्ही दुपारी परत निघालो. थंडीचे दिवस असले तरी सोलापूरची दुपार ती दुपारच. सात रस्त्याच्या चौकात सिग्नल लाल. आणि त्याच वेळी, कुणी हात न लावता, आमचा दिवाही लाल.

मालकांना आधी कळलं नाही. मग डावा हात उचलला. मग उजवा. मग आळीपाळीनं. बटण दाबलं तर विझेना. पिशवीवरून दाबलं, ठोकलं, चापट मारली. हिरवा व्हायचा, पिवळा व्हायचा आणि पुन्हा आपोआप लाल. चावी बंद करावी तर भर चौकात गाडी बंद, मागे हॉर्नची जत्रा. मालक हाताला फुंकर मारायला लागले. समोरच्या रिक्षावाल्याला वाटलं नमस्कार करतायत. त्यानंही केला.

वाहतुकीचा पोलीस आला. “काका, दोन्ही हात सोडून सर्कस चाललीय का?”

“हँडल गरम झालंय, सायेब.”

“सोलापुरात कुणाचं गार हाय?” पोलीस म्हणाला. त्यानं सहज मूठ धरली आणि तिथंच सोडली. “आरारा! ह्ये कुणी केलंय?”

“आमीच,” मालक म्हणाले.

मी मागून पिशवीकडे बघत होते. प्लास्टिकच्या आतून बारीक थेंब लोंबत होते, हळदीचे पिवळे. पिशवीला घाम आला होता. त्या नारळाच्या पाण्यानंच बटण आतल्या आत दाबलं जात होतं. मी मालकांच्या कानाशी तोंड नेऊन तीनदा सांगितलं. ते म्हणाले, “व्हय.” आणि चौक ओलांडून गाडी कडेला घेतली, दाताखाली धरून वायर तोडली, आणि म्हणाले, “बास झालं. उद्यापास्नं वडाप.”

वडापमध्ये मला खिडकी मिळाली नाही. एका बाजूला मालक, दुसऱ्या बाजूला एका पाहुण्याचं करडू, त्याचं तोंड माझ्या खोक्याकडे. समोर तोंडांची रांग. जीपमध्ये डिझेलचा, तंबाखूचा आणि करडाचा वास. मी पदर ओढून बसले. पूल आला, गेला. काचेवर इतकी वाफ की धुकं दिसलंही नाही. माझ्याकडे सांगायचं कितीतरी साचलं होतं. पुढच्या बाजाराला आणखी साचलं.

तिसऱ्या खेपेला मालक हळूच म्हणाले, “अगं, बोल की कायतरी. मला झोप यायलीय.”

मी मान हलवली.

“गाडीवर तर लई बोलतीस.”

मी अगदी बारीक आवाजात म्हणाले, “तितं तुमी ऐकताय.”

मालक माझ्याकडे बघायला लागले. “मला कुटं ऐकू येतंय? हेल्मेट, आत मफलर, वरनं वारा. एक अक्षर कळत न्हाय.”

“मग व्हय म्हणताय ते?”

“खड्डा आला की तोंडातनं निघतंय.”

करडानं तेवढ्यात माझ्या खोक्याचा कोपरा खाल्ला. मी ओरडलेसुद्धा नाही. इतकी वर्षं मी आई, मांजर, हुरडा, सगळं खड्ड्यांना सांगितलं होतं! आधी राग आला. मग आक्कांविषयी काय काय बोलले ते आठवलं आणि जरा बरंही वाटलं.

थोड्या वेळानं मालक स्वतःशी बोलल्यासारखे म्हणाले, “शब्द न्हाय कळत. पण पाठीला कळतंय. तू बोलाय लागलीस की पाठीवर गुणगुण हुतीय. तेवढं असलं की रस्ता जातोय.” मग समोरच्या तोंडांकडे बघून त्यांनी खाकरून घेतलं आणि खिडकीकडे बघू लागले. बोटं त्यांनी काखेत धरली होती.

दुसऱ्या दिवशी मालक दाढी करायला गेले तेव्हा मी गाडीवरचं ते बटण सोडवून पदरात बांधलं आणि गॅरेजवर गेले. एकटी. बाकावर चार माणसं होती. नूरभाई ट्रकच्या चाकाआड होते. आता अडचण अशी की मला बोलायची सवय फक्त मोटरसायकलवरची, वाऱ्याच्या वरून. तोंड उघडलं आणि आवाज तसाच आला.

“नूरभाई! हे आदी वाळवायचं! मग बांधायचं! आन् खाली भोक ठिवायचं!”

बाकावरचा एकजण उभाच राहिला. नूरभाईंच्या हातातला पाना पडला.

“भाभी,” ते चाकाआडून म्हणाले, “मैं हितंच हूँ.”

मला आवाज कमी करता येईना. कमी केला तर बंदच होईल, अशी भीती वाटत होती. म्हणून तशीच ओरडून सगळं सांगितलं. घामाचं, भाकरीचं, नारळाचं. पिशवीचं तोंड वरून बंद हवं, पण खालचा कोपरा कातरून ठेवायचा, म्हणजे चुकून गेलेलं पाणी ओघळून जाईल. नूरभाईंनी कान चोळले आणि म्हणाले, “हौ, बराबर है. वायर भी नीचे झुलाके घेतो, मतलब पानी वायरीवरनं आत न्हाय जायचं, खाली टपकायचं. लेकिन भाभी, इतने दिन कहाँ थे तुम?”

माझं बोलून संपलं होतं.

बटण उघडलं तर आत हळदीची खीर. नूरभाईंनी ब्रशनं धुतलं, आणि वाळवायचं काम माझ्याकडे आलं. दोन दिवस ते चुलीशेजारी, जरा लांब, भाकऱ्यांच्या ओळीत उभं होतं. आक्कांनी एकदा भाकऱ्यांबरोबर ते पिशवीत भरलंही होतं. मी वेळेत काढलं, नाहीतर कुर्डुवाडीच्या कुणाला तरी कडक भाकरीत दिवा सापडला असता. मग नूरभाईंनी सांध्यांना ग्रीस लावलं, तोडलेली वायर जोडून तिच्यावर नळी चढवली, काडी पेटवून तिच्या धगीनं ती आवळली, आणि बटण तोंड खाली करून बसवलं. पिशवी पुन्हा चटणीचीच. दुसरी जाड पिशवी माझ्याकडे नाही.

आक्का ताट घेऊन आल्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं.

“कुंकू तर लावू दे,” त्या म्हणाल्या. “कोरडं लावते.”

त्याला आता बरेच दिवस झाले. एक पावसाळा त्या पिशवीवरून गेला, बटण चालू आहे. गॅरेजवरून जाताना बाकावरची माणसं अजून मला जरा सरळ बसून नमस्कार करतात. बाजारात मी अजून वजनच करते. कांदेवाली म्हातारी विचारते, “चटणी तिखट हाय का गं?” तर मी मालकांकडे बघते.

आज मात्र पहाटे वेगळंच झालं. सोलापूरला निघालो होतो. गाव सुटलं तशी मी सुरू झाले. पुलाच्या अलीकडे मालकांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली. मी खाली उतरून बटणाकडे बघितलं.

“गेलं का?”

“बटण झ्याक हाय. ह्ये बघ.” त्यांनी हात पुढे केला. बोटं लाल, गरम. मग हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं आणि मफलर सोडला. एकेक वळसा. कान बाहेर आले. “आता बोल. मघाशी काय सांगत हुतीस ते. आज सगळं ऐकतो.”

खाली सीनेचं पाणी होतं, वर धुकं. लांब कुठंतरी कुणी हुरड्यासाठी आगटी पेटवली असावी, गोवऱ्यांचा वास येत होता. मालक सीटवर वळून बसले होते आणि माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तोंड उघडलं. काही म्हणजे काही येईना. मी पिशवीकडे बघितलं. खालच्या कोपऱ्यातून दवाचा एक थेंब लोंबला, मोठा झाला, पडला.

“बोल की.”

मी पदर तोंडाशी धरला. “आदी गाडी चालू करा.”

ते हसले. हेल्मेट घातलं, पण मफलर बांधलाच नाही, तो माझ्या खोक्यावर ठेवला, आणि काच वर करून गाडी सोडली. पूल मागे पडला. मग पाठीकडे बघून म्हणाले, नेहमीपेक्षा हळू, “कान झाका. गार लागंल.”

“व्हय,” मालक म्हणाले आणि तसेच उघड्या कानांनी चालवत राहिले.

रस्त्यात खड्डा नव्हता.